हातात राजांची जोडी, पण डाव अजून उघडा: पैसे लावायचे की थांबायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत टेबलावर वही-कॅल्क्युलेटरच्या जोडीला पत्त्यांचा कॅट होता. पोकरमधला एकच हात घेऊन आपण बोललो, पण व्हिडिओत आकडे पटापट पुढे गेले. म्हणून तोच हात इथे सावकाश मांडतो. जमलं तर कागद-पेन घेऊन वाचा. आकडे स्वतः करून बघितले की डोक्यात बसतात.

आधी एक गोष्ट साफ करून टाकू. मी तुम्हाला पोकर खेळायला सांगत नाहीये. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाले आहेत आणि पोकरही त्यातच येतो. शिवाय धंद्याचं भांडवल पत्त्यांवर लावणाऱ्याला कुठलाही व्हिडिओ वाचवू शकत नाही. शिकायचंच असेल तर घरी शेंगदाणे लावा. जिंकलेले खाऊन टाका.

मग पोकर कशाला? तर धंद्यात एक जागा सारखी येते. आज तुम्ही पुढे आहात. माल चांगला आहे, पार्टीला आवडलाय, भावही बसतोय. पण पक्कं काहीच नाही, उद्या कोणीही गाठू शकतं. अशा जागी नवीन माणूस दोन टोकांना जातो. एक जण ताकही फुंकून पितो आणि काहीच करत नाही. दुसरा 'शेंडी तुटो वा पारंबी' म्हणत होतं नव्हतं ते एकदम ओततो. पोकरमध्ये ही जागा दर थोड्या वेळाने येते, आणि तिथे तिचा हिशेब चक्क बेरीज-गुणाकाराने मांडता येतो. म्हणून पोकर.

खेळ दोन मिनिटांत

तीन पत्ती बहुतेकांना माहीत असते. पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. यात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांसाठी सामायिक पाच पत्ते उघडतात. आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. मग शेवटचा, तो रिव्हर. स्वतःचे दोन आणि मधले पाच, या सातांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यात भारी, त्याचा डाव.

प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची पाळी येते. लावायचे नसतील तर 'चेक', समोरच्याने लावले तेवढे भरायचे असतील तर 'कॉल', सोडायचं असेल तर 'फोल्ड'. मध्ये जमलेली रास म्हणजे 'पॉट'. तीन पत्तीवाल्यांनो, एक लक्षात घ्या: इथे कलर हा सिक्वेन्सपेक्षा भारी असतो, आणि कलर म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही इस्पिक वगैरे.

आता आपला हात

तुमच्याकडे इस्पिकचा राजा आणि किलवरचा राजा. समोर एकच खेळाडू. पॉटमध्ये ६०० चिप्स जमल्यात, तुमच्या आणि त्याच्या पुढ्यात प्रत्येकी ३,००० उरल्यात. फ्लॉप उघडला: बदाम गुलाम, बदाम नव्वी, चौकट चौकी. समोरच्याने चेक केलं. पाळी तुमची.

राजांची जोडी मधल्या तिन्ही पत्त्यांपेक्षा मोठी आहे. या क्षणी बहुतेक वेळा तुम्हीच पुढे आहात. पण टेबलावर दोन बदाम आहेत. गुलाम-नव्वी जवळजवळ आहेत, म्हणजे कोणाची सिक्वेन्स लागायची वाट मोकळी आहे. आणि अजून दोन पत्ते यायचेत. हात भारी आहे, पण नाजूक आहे.

नवखा इथे स्वतःला एकच प्रश्न विचारतो: 'माझा हात चांगला आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं हे: मी पैसे लावले तर कोण येईल, आणि नाही लावले तर कोणाला काय फुकट मिळेल?

समोरच्याकडे काय असू शकतं ते तीन ढिगांत वाटा.

पहिला ढीग: तुमच्यापेक्षा हलका, पण पैसे भरायला तयार. एक्का-गुलाम, राणी-गुलाम, दश्शीची जोडी. गुलामाची जोडी लागलेला माणूस सहजासहजी उठत नाही, त्याला वाटतं आपणच पुढे.

दुसरा ढीग: आत्ता मागे, पण एका पत्त्याने पुढे जाणारा. हातात दोन बदाम असलेला, किंवा राणी-दश्शी घेऊन सिक्वेन्सची वाट बघणारा.

तिसरा ढीग: तुम्हाला आधीच हरवून बसलेला. गुलामाची, नव्वीची किंवा चौकीची जोडी हातात होती आणि आता त्याचे तीन सारखे झालेत, किंवा गुलाम-नव्वी धरून दोन जोड्या झाल्यात.

तिसरा ढीग भीतीदायक दिसतो, पण मोजून बघा. मधला गुलाम गेला की कॅटमध्ये तीन गुलाम उरतात. एक्के चार. म्हणजे एक्का-गुलाम हा हात ३ × ४ = १२ प्रकारे येऊ शकतो. राणी-गुलाम आणखी १२ प्रकारे. तीन गुलाम मात्र फक्त ३ प्रकारे बनतात, तीन नव्व्या ३, तीन चौक्या ३. सगळे मिळून ९. म्हणजे पैसे भरणारे हलके हात फक्त या दोन नावांतच २४, आणि तीन-सारख्यांचा सगळा ढीग ९. 'त्याच्याकडे काहीतरी मोठं असेल' या भीतीला आधी मोजायला लावा. बऱ्याचदा ती तिथेच अर्धी होते.

फुकटचा पत्ता किती महाग पडतो

आता दुसऱ्या ढिगाकडे नीट बघू, कारण खरा निर्णय तिथे आहे. समजा समोरच्याकडे बदामची सत्ती आणि बदामची छक्की आहे. त्याचे दोन बदाम, टेबलावर दोन बदाम. आणखी एक आला की त्याचा कलर. तेरा बदामांतले चार दिसले, नऊ उरले. त्याला दिसलेले पत्ते पाच, न दिसलेले ४७. म्हणजे पुढच्या एका पत्त्यावर त्याची शक्यता ४७ पैकी ९, साधारण १९ टक्के. दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर साधारण ३५ टक्के.

तुम्ही ४०० लावलेत असं धरा. पॉट झाला १,०००. त्याला पुढचा पत्ता बघायला ४०० भरायचेत, भरले की पॉट १,४००. ४०० भागिले १,४०० म्हणजे साधारण २९ टक्के. त्याला निदान २९ टक्के शक्यता असेल तर हा सौदा परवडतो, आणि त्याच्याकडे आहे १९. म्हणजे तो भरतोय, पण भाव त्याला महाग पडतोय. तुम्ही फक्त १०० लावले असते तर? १०० भागिले ८००, साडेबारा टक्के. त्याला तो भाव स्वस्त, त्याने हसत भरावेत. आणि चेक केलंत तर भाव शून्य.

तीन रस्ते शेजारी मांडू. हिशेब सोपा राहावा म्हणून धरून चालू की टर्नला बदाम आला तर तुम्ही सोडता, नाही आला तर तो सोडतो.

तुम्ही चेक केलं: ४७ पैकी ३८ वेळा ६०० तुमचे. सरासरी ४८५.

तुम्ही ४०० लावले आणि तो उठला: ६०० तुमचे. सरळ.

तुम्ही ४०० लावले आणि तो आला: ३८ वेळा १,००० तुमचे, ९ वेळा तुमचे ४०० गेले. सरासरी ७३२.

आता हे तीन आकडे परत वाचा. ४८५, ६००, ७३२. तो उठला तर बरं, पण तो पैसे भरून आला तर आणखी बरं. बहुतेक जण भारी-पण-नाजूक हातावर पैसे लावतात ते 'जा बाबा एकदाचा, धोका टळू दे' म्हणून. हा घाबरलेला विचार आहे. तुम्हाला त्याला घालवायचं नाहीये, त्याच्याकडून बघण्याचे पैसे घ्यायचे आहेत. भरले तर उत्तम, गेला तर चालेल. एकच गोष्ट चालणार नाही, ती म्हणजे फुकट.

पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांचं प्रसिद्ध तत्त्व थोडक्यात असं: तुमचे पत्ते दिसले असते तर समोरच्याने जे केलं असतं, त्यापेक्षा वेगळं काही तो करतो, तेव्हा फायदा तुमचा. इथे तुमचे राजे दिसले असते तर बदामवाला ४०० भरून आला नसता. तो आला, तिथेच तुमचं काम झालं, पुढचा पत्ता कुठलाही येवो.

मग सगळेच का नाही लावायचे?

हा प्रश्न व्हिडिओनंतर हमखास येतो. २९ टक्क्यांचा भाव चांगला, तर ४५ टक्क्यांचा आणखी चांगला ना? ३,००० च्या ३,००० ढकलून मोकळे होऊ!

तिन्ही ढीग परत आठवा. ६०० च्या पॉटवर ३,००० आले की राणी-गुलामवाला उठतो. दश्शीची जोडीवाला उठतो. बदामवालाही बहुतेक उठतो. थांबतो कोण? ज्याच्याकडे तीन गुलाम आहेत तो. म्हणजे तुम्ही मेहनतीने अशी सोय केलीत की हलका असणारा प्रत्येक जण निघून जावा आणि फक्त तुम्हाला हरवणारा शिल्लक राहावा. ६०० मिळवायला ३,००० धोक्यात, तेही अशा माणसासमोर.

माझ्या मते या हाताला पॉटच्या अर्ध्यापासून पाऊणपर्यंत रक्कम ठीक. ३०० लावले तर बदामवाल्याला २५ टक्क्यांचा भाव पडतो, तोही त्याला महागच. १५० लावले तर साधारण १७ टक्के, मग तो फायद्यात. म्हणजे रक्कम ठरते ती दोन भिंतींमध्ये: पाठलाग करणाऱ्याला महाग पडेल इतकी मोठी, आणि हलका हात अजून भरेल इतकी छोटी. समोर एकाऐवजी तीन जण असतील तर प्रत्येकाचे गाठणारे पत्ते वेगळे असतात, धोका वाढतो, तेव्हा हात मोठ्या रकमेकडे जातो.

आणि हेच राजे, पण फ्लॉप किलवर एक्का, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री असा असता तर? तिन्ही वेगळ्या जातीचे, लांब लांब. इथे लावलेत तर येणार तो एक्केवाला, आणि तो पुढे आहे. मागे असलेल्यांत, समजा राणीची जोडीवाल्याला, गाठायला फक्त दोन राण्या उरल्यात. फुकट पत्त्याने नुकसान फारसं नाही, पैसे लावून मिळणारंही फारसं नाही. चेक करा. हात तोच, निर्णय उलटा.

बदाम आला तर?

हा भाग व्हिडिओत कमी पडला, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

तुम्ही ४०० लावले, तो आला, टर्नला बदाम पडला. आता तो ८०० लावतोय. मनात येतं, 'एवढे घातलेत, आता कसं सोडू?' समजा भरलेत आणि हरलात. मघाचा हिशेब परत करा: ३८ वेळा १,००० मिळाले, ९ वेळा १,२०० गेले. सरासरी येते साधारण ५७९. म्हणजे ७३२ चा चांगला निर्णय, नंतरच्या हट्टाने, तो पहिल्यालाच उठून गेला असता तर मिळाले असते त्या ६०० पेक्षाही खाली आला. दर वेळी बदाम पडला की समोरच्याकडे कलर असतोच असं नाही, कधी तो नुसता आव आणतो. पण पैसे लावण्याआधीच ठरवून ठेवायचं की वाईट पत्ता पडला आणि त्याने जोर लावला तर मी काय करणार. पत्ता पडल्यावर डोकं थाऱ्यावर राहत नाही.

पोकरपटू अॅनी ड्यूक यांनी 'थिंकिंग इन बेट्स' या २०१८ च्या पुस्तकात निकालावरून निर्णयाची किंमत करण्याच्या सवयीला 'रिझल्टिंग' म्हटलंय. बदाम पडला म्हणून ४०० लावणं चुकलं असं नाही. पाचात एकदा तो पडणारच होता.

आता आपल्या गल्ल्यावर

समजा तुम्ही केटरिंग करता. लग्नसराई, ३०० पानांची ऑर्डर. पार्टी चव बघून गेली, खूश आहे. म्हणते, 'तुमचंच फायनल समजा. फक्त तारीख धरून ठेवा, आठ-दहा दिवसांत कळवतो.'

ही राजांची जोडी आहे. तुम्ही पुढे आहात, पण नाजूक. आणि 'तारीख धरून ठेवा' म्हणजे फुकट पत्ता. त्या दहा दिवसांत पार्टी आणखी दोघांचे रेट घेणार. स्वस्त मिळालं तर तिकडे, नाही तर तुम्ही आहातच. इकडे त्याच तारखेचा दुसरा फोन तुम्ही नाही म्हणून ठेवून दिला.

भाव काढा. उशिरा नकार आला आणि तारीख रिकामी गेली तर दुसऱ्या ऑर्डरचा समजा ३०,००० नफा जातो. तुमच्या अनुभवात अशा चार पार्ट्यांतली एक फिरते, असं धरू. मग तारीख धरण्याची किंमत सरासरी ७,५०० झाली. ५०१ रुपये टोकन म्हणजे १०० चिप्स लावण्यासारखं, पार्टी सहज सोडून देईल. ८,००० ते १०,००० परत न मिळणारं टोकन मागितलं तर मनापासून घेणारी पार्टी देते, आणि फक्त रेट काढत फिरणारी तिथेच कळते. सगळे पैसे आधी द्या म्हणालात तर घरंदाज, सरळ पार्टीही दुसरीकडे जाईल. टोकनची पावती द्या, त्यावर 'रद्द झाल्यास परत नाही' असं स्पष्ट लिहा. आणि टोकन न देता पार्टी गेली तर तोंड वाकडं करू नका, तारीख तुमच्याकडे आहे.

इथे पोकरची तुलना एका जागी तोडावी लागते. पोकरमध्ये समोरचा हरला तरच तुम्ही जिंकता. पार्टी तुमची प्रतिस्पर्धी नाही, जेवण चांगलं झालं तर दोघंही जिंकता. म्हणून टोकन मागताना आवाज सौदेबाजीचा नको: 'त्या तारखेला मी दुसरं काम घेणार नाही, म्हणून हे टोकन.' एवढंच वाक्य पुरतं.

पैसे लावताना कोणत्या पत्त्याची भीती आहे तेही नीट बघा. नाव चालायला लागलंय आणि कोणी नावाची नक्कल करेल अशी भीती असेल, तर ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी फीत होतो, नोंदणी १० वर्षांची असते. पॉटच्या मानाने रक्कम छोटी. पण तुमची भीती शेजारचा स्वस्त देईल ही असेल, तर ट्रेडमार्कने तो पत्ता अडत नाही. तिथे वर्षाचा करार, नियमित ऑर्डरला ठरलेला भाव असलं काहीतरी लागेल. आणि एका दिवाळीत फराळ खपला म्हणून तीन वर्षांचा गाळा, नवीन मशीन आणि कर्ज एकदम, हे ६०० साठी ३,००० ढकलणं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ. कॅटमधून सात पत्ते उघडे मांडा: तुमचे दोन राजे, समोरच्याची बदाम सत्ती-छक्की, आणि आपला फ्लॉप. उरले ४५, त्यांत बदाम ९. आता समोरच्याचेही पत्ते दिसत असल्यामुळे शक्यता बरोबर पाचात एक. पिसा, वरचा एक उघडा, वहीत लिहा, परत मिसळा. असं वीस वेळा करा. सरासरी चार बदाम यायला हवेत, पण कोणाला एकच येईल, कोणाला सातही येतील. प्रत्येक वेळी शेजारी लिहा: ४०० लावले असते तर किती आले, किती गेले. मग तीच वही घ्या आणि दुसऱ्या पानावर तुमच्या धंद्यातल्या, आत्ता तुम्ही पुढे आहात पण पक्कं काही नाही, अशा दोन-तीन जागा लिहा. प्रत्येकीसमोर कोणाला काय फुकट मिळतंय, आणि त्याचा भाव किती, एवढे दोनच रकाने आखा.